किरकोळ धडकेनं विमा रद्द होतो का?

‘नव्या पोरानं गाडी ठोकून क्लेम केला की कंपनी विमाच रद्द करते,’ असा मेसेज कोल्हापुरात वर्षानुवर्षं फिरतोय. तसं होत नाही. मुदतीच्या आत कंपनी पॉलिसी रद्द करते ती फसवणूक सिद्ध झाली तर; रंकाळ्यावर रिव्हर्स घेताना बंपर घासला म्हणून नव्हे. पॉलिसीतलं रद्द करण्याचं कलम स्वतः वाचा.

जातो तो नो क्लेम बोनस. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यावर ५० टक्के सूट असते. क्लेमनंतर नूतनीकरणाला ती सहसा शून्यावर येते. म्हणून आधी दुरुस्तीचं कोटेशन घ्या, बुडणाऱ्या सवलतीशी ताडून बघा. पोराकडे लायसन्स नसेल, तर मात्र क्लेम नाकारला जाऊ शकतो.