रिंगांतला पाय आणि बदलत जाणारी कळ

तासगाव तालुक्यातील आमच्या एका नातेवाइकांकडे गेलो, तेव्हा त्यांचा मुलगा दिवाणावर पाय पसरून बसला होता. नडगीभोवती धातूच्या रिंगा होत्या आणि हातात दहा-अकराचा पाना, मोटारसायकलला लागतो तसलाच. उसाच्या ट्रॉलीखाली सापडून हाडाचा चुराडा झाला, पुढे त्यात जंतुसंसर्ग झाला आणि पाय पाच सेंटिमीटरने आखूड राहिला, म्हणून ही खटपट चालली होती. दिवसातून चार वेळा तो रिंगांना जोडणाऱ्या दांड्यांवरचे नट पाव फेरा फिरवी. दांड्यावरच्या दोन आट्यांत एक मिलिमीटरचे अंतर असते; म्हणजे पाव फेऱ्याला पाव मिलिमीटर, दिवसाला एक मिलिमीटर.

सायबेरियातील कुर्गान येथे गावरिल इलिझारोव यांनी 1950 च्या दशकात ही पद्धत विकसित केली. हाड मुद्दाम कापायचे, पाच-सात दिवस तसेच राहू द्यायचे आणि मग दोन्ही टोके हळूहळू दूर न्यायची, की मधल्या फटीत नवे हाड तयार होऊ लागते. वेग वाढवला तर हाड धरत नाही, फार कमी केला तर ते वेळेआधीच जुळून बसते. पाच सेंटिमीटरला साधारण पन्नास दिवस लागतात. त्यानंतर ते हाड कठीण होईपर्यंत आणखी काही महिने रिंगा पायातच असतात.

एवढ्या मोठ्या काळात वेदना एकच राहत नाही, आणि माझ्या मते रुग्णाला सर्वांत आधी हेच सांगितले पाहिजे. पहिल्या आठवड्यातला ठणका कापलेल्या हाडाचा आणि जखमेचा असतो. तो औषधांनी आणि पाय उंच ठेवल्याने कमी होत जातो. नट फिरू लागले की कळ बदलते. हाड वाढते, पण स्नायू, शिरा आणि नसा मूळच्याच लांबीच्या असल्याने त्या ताणल्या जातात, पोटरी दगडासारखी घट्ट होते, टाच वर ओढली जाते आणि रात्री झोप मोडते. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तीच कळ अधिक जाणवते, त्यामुळे रात्रीच्या वेदनेची तक्रार किरकोळ समजू नये.

त्या मुलाच्या गुडघ्याखाली आईने मायेने उशी ठेवली होती. गुडघा किंचित वाकला की ताण हलका होतो, म्हणून बरे वाटते. मात्र तासन्‌तास तसाच ठेवलेला गुडघा पुढे सरळ होत नाही. फिजिओथेरपिस्टने ती उशी काढून टाचेखाली ठेवायला सांगितली आणि तळपायाला टॉवेलचा फास घालून पंजा स्वतःकडे ओढण्याचा व्यायाम दिला. हा व्यायाम दुखतोच. आपल्याकडे सोसण्याला मोठा मान आहे, ‘पोरगं हूं की चूं करत नाही’ असे कौतुकाने सांगितले जाते. पण गोळी न घेता सोसणारा रुग्ण व्यायाम टाळतो आणि सांधा आखडतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेणे हा उपचाराचाच भाग आहे. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या आणणे मात्र वेगळे. सूज उतरवणारी काही वेदनाशामके हाड भरण्याच्या काळात अनेक शल्यचिकित्सक टाळतात. तंबाखू आणि मिश्रीही बंद हवी, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड भरण्याचे काम रेंगाळते. (मिश्री म्हणजे तंबाखू नव्हेच, असे मानणाऱ्या घरांची आपल्या भागात कमतरता नाही.)

आग होणे, मुंग्या येणे, पावलावर विजेसारखी चमक जाणे ही ताणल्या गेलेल्या नसेची भाषा असते. तिच्यावर साध्या गोळीचा फारसा परिणाम होत नाही. नसांच्या वेदनेची औषधे निराळी असतात आणि कधी नट फिरवण्याचा वेग कमी करावा लागतो. पायाची बोटे वर उचलता येईनाशी झाली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. रिंगांना पायाच्या हाडाशी जोडणाऱ्या, हाडातून आरपार गेलेल्या तारांपैकी एकाच तारेपाशी अचानक दुखू लागणे, लाली, पू ही तिथल्या जंतुसंसर्गाची खूण असते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत औषधांना न जुमानणारी, बोटे हलवताच असह्य होणारी कळ आली, तर रात्री-अपरात्रीही रुग्णालय गाठावे, कारण स्नायूंच्या कप्प्यातील दाब वाढून त्यांचा रक्तपुरवठा तुटत असण्याची शक्यता असते.

नट फिरवणे थांबले की काही आठवड्यांत ताणाची कळ ओसरू लागते. डॉक्टरांनी परवानगी दिली की पायावर भार द्यायचा, कारण भाराने नवे हाड बळकट होते. आमच्या नातेवाइकांचा तो मुलगा सध्या वॉकर घेऊन सकाळी द्राक्षबागेच्या पहिल्या ओळीपर्यंत जाऊन येतो. आल्यावर पाय ठणकतो, तेव्हा तो उंच ठेवून तासभर पडून राहतो आणि संध्याकाळी पुन्हा निघतो.