मासा अंड्यावर आलाय आणि माशाने अंडी सोडलीत, यात फरक आहे

तळ्यातली रोहूची मादी जूनमध्ये हातात घेऊन बघा, पोट टम्म फुगलेलं, दाबलं तर मऊ, मागचं छिद्र सुजून गुलाबी झालेलं, आणि नराच्या पोटावर जरा बोट फिरवलं की दुधासारखं पांढरं वीर्य बाहेर. बघणारा प्रत्येक जण म्हणणार की आता दोन दिवसांत अंडी घालणार. होत मात्र काहीच नाही, पावसाळा संपतो, मादीचं पोट परत सपाट होतं आणि तळ्यात एक पिल्लू दिसत नाही. अंडी कुणी खाल्ली वगैरे नाही हो, तिने ती घातलीच नाहीत, शरीराने आतल्या आत जिरवून टाकली.

गोंधळ इथेच होतो. अंड्यावर येणं हे महिनोनमहिने चालणारं काम आहे, लिव्हर बलकाचं प्रोटीन बनवतं, ते रक्तातून अंडाशयात जातं आणि अंडी मोठी होत जातात. याला लागतं काय तर वाढता दिवस, वाढतं तापमान आणि पोटभर खाणं, हे तळ्यातही मिळतं. अंडी सोडणं म्हणजे काही तासांचा खेळ, आणि त्याला रोहू, कटला, मृगळ यांना नदीचा पूर लागतो, म्हणजे जोराचा पाऊस, वाहतं नवं पाणी, काठावरची बुडालेली उथळ जमीन. यातलं नेमकं एकच कारण काढायला गेलात तर फसाल, हे सगळं मिळून काम होतं.

मधे अजून एक पायरी आहे जी बाहेरून दिसतच नाही. हॅचरीवाले, म्हणजे माशांची पिल्लं तयार करणारे, मादीच्या अंडाशयातून बारीक नळीने थोडी अंडी काढतात आणि पारदर्शक करणाऱ्या द्रावणात टाकतात, मग अंड्यातलं केंद्रक दिसायला लागतं. ते मधोमध असेल तर अजून वेळ आहे, कडेला सरकलेलं असेल तर मादी तयार. पण ही तयार मादीसुद्धा तिथेच थांबून राहते, कारण शेवटचा हुकूम मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीकडून यावा लागतो आणि कार्प माशांत (रोहू, कटला, मृगळ याच कुळातले) डोपामिन नावाचं मेंदूतलं रसायन त्यावर ब्रेक लावून बसलेलं असतं.

अंडी सोडायला लावण्यासाठी माशाला जे इंजेक्शन देतात, त्याची सगळी गोष्ट या हुकूम आणि ब्रेकभोवती फिरते. ब्राझीलमध्ये 1930 च्या दशकात पिट्युटरीचा अर्क टोचून मासे प्रजननाला लावले गेले, आपल्याकडे मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी 10 जुलै 1957 ला ओडिशातल्या अंगुलला कार्पमध्ये ते जमवलं, आणि तीच तारीख आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे. आता ओव्हाप्रिमसारखं औषध वापरतात, त्यात पिट्युटरीला हुकूम सोडायला लावणारं हार्मोन आणि डोपामिन अडवणारं डोम्पेरिडोन दोन्ही असतं. पण लक्षात घ्या, इंजेक्शन फक्त दुसरं काम, म्हणजे अंडी सोडवण्याचं, करतं. बलक भरलेलाच नसेल तर कितीही टोचा, उपयोग शून्य.

आता कोणी म्हणेल की आमच्या तळ्यात तर सायप्रिनस (कॉमन कार्प) आपोआप अंडी घालतो. घालतो ना, त्याला पूर लागत नाही, त्याची अंडी चिकट असतात आणि पाणवनस्पतींना चिकटून राहतात. रोहूचं अंडं चिकटत नाही, पाण्यात पडल्यावर फुगून साधारण 5 मिलिमीटरचं होतं आणि प्रवाहाबरोबर वाहत जातं, 27 ते 31 अंश तापमानाला 14 ते 20 तासांत फुटतं. शिवाय शुक्राणू गोड्या पाण्यात आला की जेमतेम मिनिटभर पोहतो, त्यामुळे नर-मादीने एकाच क्षणी सोडणं भाग आहे. म्हणून सायप्रिनस बघून बाकीच्या कार्पबद्दल अंदाज बांधू नका, हा घोळ फार कॉमन आहे.

अभ्यास करणारेसुद्धा इथे घसरू शकतात. अंडाशयाचं वजन शरीराच्या किती टक्के आहे हे मोजतात (जीएसआय म्हणतात त्याला), आकडा वर गेला की मासा अंड्यावर आला, इथपर्यंत ठीक, पण आकडा खाली आला म्हणजे अंडी सोडली असं लिहून मोकळं व्हायचं हे मला पटत नाही, कारण अंडी जिरली तरी आकडा खालीच येतो. मायक्रोस्कोपखाली अंडं निसटून गेल्यावर उरलेली रिकामी पिशवी दिसली तर अंडं सुटलं म्हणायचं, पण ती थोडेच दिवस टिकते, तेव्हा सॅम्पल वेळेवर घ्यायला हवं.

धरणाखालच्या नद्यांत हा फरक फार महागात पडतो. मासे दरवर्षी अंड्यावर येतात, बघणाऱ्याला वाटतं नदी ठणठणीत आहे, पण पूर वरच अडवलेला, त्यामुळे पुढची पायरी होतच नाही किंवा अर्धवट होते. तिथे माशाचं पोट बघून काही कळणार नाही, पुराच्या पाण्यात बारीक जाळं लावून वाहत येणारी अंडी आणि मत्स्यजिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं) सापडतायत का ते बघावं लागतं.