पाण्याला टीसीएलचा वास येतो तेव्हा

मृगाचा पाऊस चांगला लागला की नळाच्या पाण्याला टीसीएल पावडरीचा, म्हणजे पाणी निर्जंतुक करण्यासाठी टाकतात त्या क्लोरीनयुक्त ब्लीचिंग पावडरीचा, वास येऊ लागतो आणि पाठोपाठ "पाण्यात औषध फार टाकले आहे" ही तक्रारही ऐकू येते. अनेक घरांत मग ते पाणी धुण्याभांड्याला वापरतात आणि पिण्यासाठी जवळच्या विहिरीचे किंवा झऱ्याचे नितळ, गोड पाणी हंड्याने आणतात. पावसाळ्यात पाण्याबाबत याहून घातक निर्णय क्वचितच असेल. एका मिलिलिटरमध्ये लाखभर जीवाणू असले तरी पाणी काचेच्या पेल्यात आरपार स्वच्छ दिसते, आणि पटकीच्या किंवा विषमज्वराच्या जंतूंमुळे त्याची चवही बदलत नाही.

हे जंतू पाण्यात येतात कसे? कठडा नसलेल्या विहिरीत शिवारातले आणि उकिरड्यावरचे पाणी थेट वाहून येते. शहरांत पाणी ठरावीक वेळीच सुटते. ते बंद झाले की जलवाहिनीतला दाब जातो आणि गळक्या सांध्यांमधून भोवतालचे गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून नळ आल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पाणी पिण्यासाठी भरू नये.

टीसीएल पाण्यात मिसळल्यावर तिच्यातून हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन अशी दोन रूपे तयार होतात, आणि जंतू मारण्याचे बहुतेक काम त्यांपैकी पहिले रूप करते. जीवाणूच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. हायपोक्लोराइट आयनावरही ऋण भार असल्याने तो दूर ढकलला जातो. हायपोक्लोरस आम्लाचा रेणू मात्र लहान आणि भाररहित असल्याने पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतो आणि आतील प्रथिनांचे, विशेषतः त्यांतल्या गंधकयुक्त गटांचे, ऑक्सिडीकरण करून पेशीचे श्वसनच बंद पाडतो. या दोन रूपांचे प्रमाण पाण्याच्या सामूवर, म्हणजेच आम्लता-अल्कता दाखवणाऱ्या पीएचवर ठरते. सामू 7.5 च्या आसपास असताना दोन्ही निम्मी-निम्मी असतात, 6.5 ला नव्वद टक्के आम्लरूप असते, तर 8.5 ला ते जेमतेम दहा टक्के उरते. अल्कधर्मी पाणी देणारी महागडी यंत्रे सध्या आरोग्याच्या नावाखाली विकली जात आहेत. प्यायलेल्या पाण्याची अल्कता जठरातल्या आम्लामुळे लगेच नाहीशी होते, त्यामुळे या दाव्यांना शास्त्रीय आधार नाही. उलट पाण्याचा सामू वाढवल्याने त्यातल्या क्लोरीनचे बळ घटते.

क्लोरीनला पाण्यात केवळ जंतूच भेटतात असेही नाही. आधी लोह, पालापाचोळ्याचे सेंद्रिय द्रव्य आणि सांडपाण्यातला अमोनिया यांच्यावर तो खर्च होतो. अमोनियाशी संयोग झाला की क्लोरामाइन्स तयार होतात. नाकाला झोंबणारा वास पुष्कळदा त्यांतल्याच काही संयुगांचा असतो, आणि त्यांची जंतुनाशक शक्ती मोकळ्या क्लोरीनपेक्षा पुष्कळ कमी असते. क्लोरीन वाढवत नेले की ही संयुगे स्वतःच मोडू लागतात, आणि अमोनियातील नायट्रोजनच्या वजनाच्या साधारण साडेसात पट क्लोरीन पडल्यानंतर पुढचा प्रत्येक थेंब मोकळा शिल्लक राहतो. म्हणून वास येतो एवढ्यावरून पाणी वाईट ठरत नाही आणि सुरक्षितही ठरत नाही. ग्रामपंचायतीकडून होणारी ओटी टेस्ट यासाठीच असते. ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकताच पाणी पिवळे झाले तर मोकळा क्लोरीन आहे. रंग रेंगाळत, काही मिनिटांनी चढला तर तो बहुधा क्लोरामाइन्सचा असतो. भारतीय मानकानुसार लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक हवा. चाचणीचे रसायन विषारी असल्याने ते पाणी फेकून द्यावे.

गढूळपणाकडे आणि सांडपाण्याकडे किती गांभीर्याने पाहावे, हे दिल्लीने दाखवून दिले आहे. 1955 च्या पुरानंतर यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे पोहोचले. केंद्रात तुरटी आणि क्लोरीनचे प्रमाण वाढवण्यात आले, त्यामुळे विषमज्वर आणि हगवण वाढली नाही. पण त्या हिवाळ्यात सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ई विषाणूची होती, हे पुढे कित्येक वर्षांनी स्पष्ट झाले. जीवाणूंना पुरलेली मात्रा विषाणूला पुरली नव्हती.

घरी करायच्या कामांचा क्रम यातूनच ठरतो. गढूळ पाणी जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी फडक्यातून गाळावे. बांगलादेशातल्या खेड्यांत एवढ्या उपायाने पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटल्याचे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, कारण पटकीचे जंतू पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांना, म्हणजे प्लवकांना, चिकटून असतात. नंतर तुरटी फिरवून पाणी निवळू द्यावे. तुरटीतले ॲल्युमिनियम मातीच्या कणांवरचा ऋण भार नाहीसा करते, कण एकत्र येऊन तळाशी बसतात, आणि पाण्याचा सामूही किंचित उतरतो, जे क्लोरीनच्या पथ्यावरच पडते. वरचे निवळ पाणी दुसऱ्या पिंपात काढून मगच क्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे घालावेत आणि निदान अर्धा तास थांबावे. टाकीसाठी टीसीएल वापरायची असल्यास स्वच्छ पाण्याच्या हजार लिटरला चांगली पावडर सुमारे अडीच ग्रॅम लागते. ती बादलीत कालवून, चुना खाली बसल्यावर वरचे पाणीच टाकीत ओतावे. नव्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो, परंतु पावसाळी दमट हवेत उघड्या राहिलेल्या पिशवीतला तो झपाट्याने उडून जातो.

घरातल्या शुद्धीकरण यंत्रातला सक्रिय कोळसा शिल्लक क्लोरीन काढून टाकतो, म्हणून तिथले पाणी दिवसेंदिवस साठवू नये. क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या काही परजीवींना क्लोरीन दाद देत नाही, त्यामुळे तान्ही मुले आणि आजारी माणसे यांच्यासाठी पाणी खळखळ उकळावे. महाबळेश्वरासारख्या उंचीवर पाणी 95-96 अंशांनाच उकळते, तरी जंतू मारायला तेवढी उष्णता पुरते. उकळलेल्या पाण्यात नंतर पडणाऱ्या जंतूंना रोखणारे मात्र काहीच नसते, म्हणून ते त्याच भांड्यात झाकून गार करावे, हात न बुडवता तोटीने किंवा लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे आणि दिवसभरात संपवावे.