सरळ गाडी मागे का पडते

पहिल्या वर्षी मुलाच्या शर्यतीसाठी आम्ही छोटी लाकडी गाडी अगदी ओळंब्यात असल्यासारखी सरळ केली होती. दिवाणखान्यात जमिनीवर सोडली की नाकासमोर जायची. शर्यतीत मात्र निम्म्या वाटेत तिची शेपटी हलायला लागली, खडखडत शेवटच्या रेषेपर्यंत कशीबशी पोचली आणि चारांत चौथी आली. पहिली आलेली गाडी घरच्या फरशीवर सोडली असती, तर वळत वळत सोफ्याखाली गेली असती!

शर्यत पाइनवूड डर्बीची. अमेरिकेत कब स्काउट, म्हणजे स्काउटमधल्या छोट्या मुलांमध्ये ही शर्यत थंडीच्या दिवसांत रंगते, आणि तिथल्या मराठी घरांतही त्या आठवड्यात लाकडाचा भुसा सांडलेला असतो. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथे डॉन मर्फी यांनी ती सुरू केली. त्यांच्या मुलाला मोठ्या, आत बसून चालवायच्या ‘सोप बॉक्स’ शर्यतीत भाग घ्यायचा होता, पण वय कमी पडत होतं. म्हणून मग ही हाताएवढी गाडी. खोक्यात मिळतो सात इंची पाइनचा ठोकळा, प्लास्टिकची चार चाकं आणि आस म्हणून चार खिळे. वजनाची मर्यादा पाच औंस, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम. इंजिन नाही, बॅटरी नाही. साधारण १.२ मीटर उंचीवरून गाडी सुटते, उतार संपला की पुढे सपाट धाव, आणि तीनेक सेकंदांत सगळा खेळ आटोपतो.

म्हणजे जी काही ऊर्जा मिळायची ती उंचीचीच. १.२ मीटर उतरून मिळणारा वेग कागदावर सेकंदाला ४.८ मीटर येतो. घर्षण आणि चाकांचं फिरणं यांची वजावट केली की थोडा कमी. या वेगाने सेकंदाच्या हजाराव्या भागात गाडी जेमतेम पाच मिलीमीटर सरकते, आणि निकाल अनेकदा तेवढ्यावरच लागतो.

उंची सगळ्यांना सारखीच, असं वाटतं खरं. पण मोजायची उंची असते ती गाडीच्या गुरुत्वमध्याची. उतारावर गाडीचं नाक खाली आणि शेपटी वर असते, त्यामुळे वजन मागे ठेवलं की गुरुत्वमध्य वर जातो. उतार ३० अंशांचा धरला आणि गुरुत्वमध्य दोन सेंटीमीटर मागे नेला, तर उंची एक सेंटीमीटरने वाढते. वेग वाढतो अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तरी आठ मीटरच्या सपाट धावेत त्याची तीन सेंटीमीटरहून जास्त आघाडी होते. म्हणून मुरलेले लोक शिशाऐवजी टंगस्टन वापरतात: शिशाच्या जवळजवळ पावणेदोनपट घनतेचं, त्यामुळे मागच्या आसापाशी इवल्याशा जागेत मावतं. मात्र हावरटपणा केला की पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी भरकटते. गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या दोन-अडीच सेंटीमीटर पुढे असला की बहुधा जमतं.

इथवरचं सगळ्यांना कळतं. हरण्याचं खरं कारण चाकांत असतं.

खिळ्याची जाडी साधारण २.२ मिलीमीटर, चाकाचा व्यास ३० मिलीमीटर. चाकाच्या तुंब्यात खिळ्यापाशी जे घर्षण होतं, ते चाकाच्या कडेपर्यंत पोचेतो सुमारे चौदा पटींनी कमी होऊन जातं. चाकाचा शोध एवढा मोठा का, याचं हेही एक कारण. पण चाक जराही तिरकं बसलं असेल तर ते घरंगळता घरंगळता आडवं फरपटतं. ही फरपट कडेवरच होते, तिला ती चौदा पटींची सवलत नाही. म्हणजे खिळा आरशासारखा घासून त्यात ग्रॅफाइट भरलंत, पण खिळा वाकडा बसवलात, तर आधीची मेहनत पाण्यात.

(ग्रॅफाइटबद्दल एक गंमत. कार्बनचे थर एकमेकांवर सरकतात म्हणून ते वंगण, हे आपण शाळेत शिकतो. पण त्याला हवेतली थोडी वाफही लागते. उंचावरच्या कोरड्या हवेत उडणाऱ्या विमानांतले कार्बनचे ब्रश (विजेच्या यंत्रात फिरत्या भागाला घासत वीज पोचवणारे तुकडे) भराभर झिजून जातात, हे दुसऱ्या महायुद्धात लक्षात आलं होतं.)

आता आमच्या सरळ गाडीकडे. ट्रॅकच्या मधोमध एक लांब पट्टी असते आणि गाडीची चाकं तिच्या दोन्ही बाजूंना. मध्ये काही मिलीमीटरची मोकळीक. खरोखर सरळ गाडी अस्तित्वात नसते. असते ती ‘कुठे वळेल ते सांगता येत नाही’ अशी गाडी. ती पट्टीला एका बाजूने धडकते, उसळते, दुसरीकडे धडकते, आणि मागची चाकंही त्या मारामारीत सापडतात. दर टकरीला थोडी ऊर्जा जाते, आणि ती भरून द्यायला पुढे उतार नसतो.

उपाय असा, की गाडीला कुठे टेकायचं ते आपणच ठरवून द्यायचं. पुढचं उजवं चाक किंचित उचलून बसवायचं. तीन पायांची तिवई डुगडुगत नाही, आणि एक चाक फिरवण्याची ऊर्जाही वाचते. (काही ठिकाणी चारही चाकं टेकलीच पाहिजेत असा नियम असतो, तो आधी विचारावा.) मग पुढच्या डाव्या चाकाचा खिळा एक-दोन अंश वाकवून, त्याच्या डोक्यावर करवतीने खाच पाडून, स्क्रूड्रायव्हरने तो थोडा थोडा फिरवायचा. गाडी हलकेच उजवीकडे वळू लागते, म्हणजे डाव्या चाकाची आतली कड पट्टीला टेकते आणि टेकलेलीच राहते. मागची चाकं पट्टीला न शिवता मधून धावतात.

पण आधी मागची चाकं लावून घ्यायची. त्यांचे खिळे डोक्याकडे जरा वर उचललेले हवेत. मग चाक आपोआप खिळ्याच्या गुळगुळीत डोक्याकडे सरकतं, खरबरीत लाकडाला घासत नाही. तपासायची युक्ती मला फार आवडते: गाडी पुढे ढकला, मग मागे. दोन्ही वेळा चाक डोक्याकडेच गेलं तर खिळा बरोबर. पुढे जाताना डोक्याकडे आणि मागे येताना लाकडाकडे गेलं, तर खिळा आडवा वळलेला आहे.

वळण किती द्यायचं, ते तिरक्या फळीवर मोजतात: १.२ मीटर धावेत साधारण आठ ते दहा सेंटीमीटर. कमी पडलं तर गाडी पट्टी सोडते, जास्त झालं तर पट्टीवर नुसती घासत राहते. आमचं पहिलं माप वीस सेंटीमीटर आलं. खिळा केसभर फिरवला तर चार. रात्री अकरापर्यंत हेच चाललं होतं, आणि मुलगा कधीच झोपला होता.

दुसऱ्या वर्षी गाडी आवाज न करता गेली. दुसरी आली. घरी आल्यावर मुलाने चाकं उलटी करून पाहिली: पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या कडेवरचं ग्रॅफाइट गोल पुसलं गेलं होतं, मागच्या दोन्हींवरचं जसंच्या तसं होतं.