मार्गरचना, टप्प्यांच्या सायकल शर्यतीतील

अनेक दिवसांच्या सायकल शर्यतीत टप्प्यांचा क्रम, लांबी, चढ-उतार व समाप्तीची जागा ठरविण्याचे तंत्र. सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी तो विजेता; म्हणून वेळेचा फरक कुठे पडेल, हाच रचनाकारापुढचा खरा प्रश्न असतो.

टूर द फ्रान्सच्या पहिल्या शर्यतीत (१९०३) सहा टप्प्यांत सु. २,४२८ किमी. अंतर होते. डोंगर शर्यतीत केव्हा आला, याविषयी एकमत नाही. १९०५ मधील बालाँ दाल्झास (१,१७१ मी.) हा पहिला घाट मानण्याचा प्रघात आहे. तथापि सेंत-एत्येनजवळची १,१६१ मी. उंचीची कोल द ला रेप्युब्लिक ही खिंड १९०३ मध्येच ओलांडली गेली होती. दोन्ही उंची जवळपास सारख्या असल्याने १९०३ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. शिवाय १९०५ ते १९१२ या काळात निकाल गुणांवर लागत असे. घाटात कमावलेल्या मिनिटांना तेव्हा थेट मोल नव्हते. पिरेनीज पर्वतातील तूरमाले हा घाट १९१० मध्ये, तर घाटमाथ्यावरील समाप्ती १९५२ मध्ये आल्प्समधील आल्प द्युएझ येथे आली.

हवेचा रोध तोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सपाटीवर पुढच्याच्या चाकामागे राहणाऱ्याची सु. एक-चतुर्थांश किंवा अधिक शक्ती वाचते. आठ टक्के (दर १०० मी.ला ८ मी.) चढावर वेग मंदावतो, हा लाभ घटतो आणि जथा फुटतो. मात्र एकच कठीण घाट अगदी शेवटी ठेवला, तर सगळे त्याचीच वाट पाहतात व चुरस अखेरच्या तीन-चार किमी.पुरती उरते. सर्वांत कठीण घाट समाप्तीच्या २०-३० किमी. आधी ठेवणे अधिक फलदायी. त्यापुढे सपाटी लांबली तर मेहनत वाया जाते, कारण पाठलाग करणारा जथा दर १० किमी.ला सु. एक मिनिट भरून काढतो, असा ठोकताळा आहे. टाइम ट्रायल (प्रत्येकाने एकट्याने, घड्याळाशी स्पर्धा करीत पार करायचा टप्पा) छोटी व शेवटी असावी : १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये अखेरच्या दिवशीच्या २४.५ किमी.त ग्रेग लेमाँडने ५० सेकंदांची पिछाडी भरून काढून ८ सेकंदांनी शर्यत जिंकली.

विदर्भात परतवाडा–चिखलदरा हा सु. ३० किमी.चा चढ उपलब्ध आहे. पण सरासरी चढ जेमतेम अडीच टक्के असल्याने तो एकटा जथा फोडू शकत नाही. त्याआधी खारपाणपट्ट्यातील (खारट भूजलाच्या सपाट प्रदेशातील) दर्यापूर–अंजनगाव सुर्जी हा उत्तरेकडे जाणारा उघडा रस्ता जोडावा. उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा येथे आडवा लागतो. ३.७५ मी. रुंदीच्या एकपदरी रस्त्यावर आडव्या वाऱ्यापासून एकमेकांचा आडोसा घेणाऱ्या तिरप्या रांगेत पाच-सहाच जण मावतात, बाकीचे वाऱ्यात उघडे पडून मागे राहतात. सकाळी सहाला सुरुवात केल्यास ऊन टळते, पण वाराही पडलेला असतो. त्यामुळे असा टप्पा मार्चच्या आरंभी, दुपारी घेणे बरे. काळी माती फुगते व आकसते, त्यामुळे डांबराच्या कडा खचतात. पाहणी आदल्या दिवशी पुन्हा करावी. गावातील गतिरोधक चुन्याने रंगवून तेथे झेंडेवाला उभा करावा आणि घाटाच्या वळणांवरची गिट्टी झाडून घ्यावी.