'कामावर लागलं' म्हणजे नेमकं कुठे लागलं? थोडी पार्श्वभूमी

कामावर लागलं, म्हणजे जखम झाली, की काय करायचं ते आता सगळ्यांना पाठ झालंय. सुपरवायझरला सांगा, अ‍ॅक्सिडेंट रजिस्टरला नोंद करायला लावा, डॉक्टरला खरं तेच सांगा, कागदांचे फोटो काढून ठेवा. ते इथे परत लिहीत नाही. पण या सगळ्यात "कुठे लागलं आणि किती वाजता" यावर एवढा जोर का असतो, ते फारसं कोणी सांगत नाही. त्याच्यामागे शंभर वर्षांची भांडणं आहेत आणि त्यातली बरीचशी कायद्यातल्या एकाच वाक्यावरून झालीत.

जुनं थोडक्यात. 1884 साली परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजारांच्या आसपास सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी आपल्याला माहीत असते कारण ती 1890 मध्ये पदरात पडली. पण त्याच अर्जात असंही होतं की कामावर जबर लागलं तर माणूस बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करा. ही मागणी तशीच राहिली. तेव्हा काही मिळवायचं तर मालकाची चूक कोर्टात शाबीत करायची, आणि हात यंत्राच्या पट्ट्यात गेलेला गिरणी कामगार ते कधी करणार.

मग 1923 चा वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन कायदा आला, 1 जुलै 1924 पासून लागू. मोठी गोष्ट ही की चूक कोणाची हा प्रश्नच बाजूला पडला, कामावर लागलं ना, मग भरपाई. रकमा मात्र बघा: मृत्यूला तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार, दोन्हीत जे कमी ते. आणि जखमेमुळे दहा दिवसांपेक्षा कमी काम बुडालं तर काहीच नाही (नंतर ते कमी होत होत तीन दिवसांवर आलं). दावा लावायला आधी सहा महिने होते, पुढे दोन वर्षं झाली. कुठलं बोट गेलं तर किती टक्के, याचा तक्ताही यातच. आजच्या तक्त्यात अंगठा 30 टक्के, पहिलं बोट पूर्ण गेलं तर 14, करंगळी 7. पॉवर प्रेसवर काम करणाऱ्यांना हे आकडे तोंडपाठ असतात, उगाच नाही.

आता ते वाक्य. भरपाई कधी? तर अपघात "नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात" झालेला असेल तर. हे शब्द ब्रिटनच्या 1897 च्या कायद्यातून जसेच्या तसे उचललेत. वाचताना वाटतं एकच गोष्ट दोनदा सांगितलीय, पण नाही, दोन वेगळ्या अटी आहेत. "ओघात" म्हणजे वेळ आणि जागा, तुम्ही ड्युटीवर होता का. "नोकरीतून" म्हणजे कारण, लागलं ते कामामुळेच लागलं का. मधल्या सुट्टीत शेडमध्ये डबा खाताना वरून पत्रा पडला तर ओघ आहे, पण कामामुळे का? वकील लोक यावर दिवस दिवस घालवतात. आणि मधला तो "आणि" सगळ्यात महागाचा, कारण दोन्ही अटी कामगारानेच पुऱ्या करायच्या.

ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या राज्य विम्याच्या, कायद्यात (1948 चा, मुंबईत योजना 1954 ला आली) हे ओझं थोडं हलकं केलंय. ड्युटीच्या वेळेत अपघात झाला एवढं दाखवलं की तो कामामुळेच झाला असं धरून चालतात, उलट पुरावा आला नाही तोपर्यंत. म्हणून तर रजिस्टरमधल्या त्या वेळेच्या रकान्याला एवढी किंमत. आणि फरक पैशातही पडतो. कामावरची जखम म्हणून नोंद झाली तर रजेच्या काळात पगाराच्या 90 टक्के आणि आधी किती दिवस वर्गणी भरली ते बघत नाहीत, काल लागलेल्यालाही मिळतं. तेच "आजारपण" म्हणून गेलं तर 70 टक्के, वर्गणीच्या दिवसांची अट, आणि वर्षाला 91 दिवसांची मर्यादा. तरीही ठेकेदार हॉस्पिटलच्या दारात सांगतो की "घरी पडलो म्हण, बाकी मी बघतो", आणि आपला माणूस तेच लिहून देतो. केस पेपरवर एकदा "घरी पडला" आलं की पुढे खोडता खोडता नाकी नऊ येतात. बाकी बघणारा तोवर दुसऱ्या साईटवर गेलेला असतो.

पण खरा गुंता गेटच्या बाहेर आहे. कामावर येता-जाता लागलं तर ते कामावर लागलं का?

1958 सालचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, पोरबंदरकडच्या मिठागराचा. काम संपवून कामगार घरी निघाले, वाटेत खाडी, होडी उलटली, माणसं बुडाली. कोर्टाने तत्त्व म्हणून मान्य केलं की नोकरी गेटवर लगेच संपत नाही, थोडी पुढे-मागे ताणता येते. आणि मग तेच तत्त्व या लोकांना लागू केलं नाही, कारण ती होडी आणि ती वाट सगळ्यांचीच होती, मालकाची नव्हती. नंतर 1963 मध्ये आपल्या मुंबईचीच केस. बसचा एक ड्रायव्हर जोगेश्वरी डेपोत ड्युटी संपवून सांताक्रूझला घरी जायला दुसऱ्या बसमध्ये बसला, ती बस उभ्या लॉरीवर आदळली, तो गेला. ड्युटी संपलेली, पण त्यांना गणवेशात बसमधून फुकट जाता यायचं आणि ते सेवेच्याच सोयीसाठी होतं, म्हणून कोर्टाने बहुमताने विधवेच्या बाजूने दिलं. म्हणजे होडी नाही पण बस चालली. सूत्र काय? मालकाचं वाहन असलं तर जमेल, असा ढोबळ अर्थ लोकांनी काढला.

आणि 1996 च्या निकालाने तोही मोडला. साधी हकीकत आहे. माणूस सायकलवरून कारखान्यात निघालाय, शिफ्ट साडेचारची, सव्वाचार वाजलेत, कारखाना साधारण एक किलोमीटरवर, आणि त्याला ठोकलं ते त्याच्याच मालकाच्या लॉरीने. गळ्यापाशीचं हाड मोडलं. आधी दोन न्यायाधीशांत मतभेद झाला, मग तिघांसमोर गेलं आणि निकाल आला की ही कामावरची जखम नाही, रस्त्यावरचा अपघात आहे, तो कोणालाही होऊ शकला असता. अपघात 1971 चा, म्हणजे पंचवीस वर्षं यातच गेली. निकाल शब्दाला धरून असेलही, पण पंधरा मिनिटांवर शिफ्ट असताना तो माणूस त्या रस्त्यावर दुसऱ्या कशासाठी होता हे काही मला अजून कळलेलं नाही. पुढची चौदा वर्षं ईएसआयमध्ये येता-जाताचा दावा लावला की हा निकाल समोर यायचा.

2010 मध्ये संसदेने ईएसआय कायद्यात एक कलम घातलं, 1 जूनपासून लागू. घरून कामाला जाताना किंवा काम संपवून घरी येताना झालेला अपघात हा नोकरीतलाच धरायचा, फक्त वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे. चांगलं झालं. पण साधारण त्याच सुमारास 1923 चा कायदाही दुरुस्त झाला, त्यात "वर्कमन"चं "एम्प्लॉयी" केलं, नाव बदललं, आणि "नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात" हे वाक्य जसं होतं तसं ठेवलं. म्हणजे ईएसआयवाल्याला वाटेतला अपघात चालायला लागला आणि ईएसआय नसलेल्याला चालेल की नाही माहीत नव्हतं. साईटवरचे मजूर, साखर कारखान्याचे वॉचमन, छोट्या वर्कशॉपमधली पोरं, ही सगळी त्या दुसऱ्या रांगेत.

तो वॉचमन उगाच नाही लिहिला. एप्रिल 2003 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला एक वॉचमन पहाटे तीनच्या ड्युटीला मोटरसायकलवरून निघाला आणि कारखाना पाच किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला. भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांनी 3,26,140 रुपये आणि 12 टक्के व्याज दिलं, हायकोर्टाने 2011 मध्ये ते रद्द केलं. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने पहिला हुकूम परत उभा केला आणि म्हटलं की 1923 च्या कायद्यातलं ते वाक्यही येता-जाताचा अपघात धरूनच वाचायचं, आणि ईएसआयचं 2010 चं कलम नवीन काही देत नव्हतं तर आधीपासूनचा अर्थच स्पष्ट करत होतं. म्हणजे 2010 च्या आधीच्या अपघातांनाही ते लागू. बावीस वर्षं लागली, आणि रक्कम 2003 च्या पगारावर काढलेली.

त्यानंतर चारेक महिन्यांत, 21 नोव्हेंबर 2025 ला, नवीन सोशल सिक्युरिटी कोड, म्हणजे सामाजिक सुरक्षेचा एकत्रित कायदा, लागू झाला. 1923 चा कायदा त्यात विरघळला आणि येता-जाताची तरतूद भरपाईच्या प्रकरणातही सरळ लिहिली गेली. "नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात" मात्र तसंच आहे, एक शब्दही हललेला नाही, आणि "संबंध दिसला पाहिजे" ही अटही सोबत आली. वाटेत भाजी घ्यायला वळलेला, मित्राकडे मुक्काम करून तिथूनच ड्युटीला निघालेला, हे आता त्या संबंधावर तपासले जाणार. म्हणून हल्ली रस्त्यावरच्या अपघाताच्या कागदांत पोलिसांच्या पंचनाम्यासोबत त्या दिवसाचा शिफ्टचा तक्ता, आदल्या दिवसाचं पंचिंग आणि कारखान्यात नोंदवलेला घरचा पत्ताही जोडायला सांगतात, आणि तो पत्ता निम्म्या लोकांचा गावचाच असतो.