रंगारी गेला की लगेच आम्हाला बोलावू नका

मुलांच्या खोलीत भिंतचित्र किंवा स्टिकर करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी

फोन साधारण असा येतो. "परवाच रंग झालाय, सामानही बाहेर काढलेलं आहे, उद्या येऊन चित्राचं उरकून टाकता का?" आम्ही म्हणतो, निदान तीन आठवडे थांबा. पलीकडे जरा शांतता. मग ठरलेलं वाक्य येतं, "अहो, पण वाळलाय ना! हात लावून बघितला."

हे माहितीपत्रक त्या एका वाक्यासाठी छापलं आहे. बाकीच्या गोष्टीही सांगतो, पण एवढी एक नीट वाचा.

हाताला लागत नाही म्हणजे रंग वाळला, हे खरं. पण वाळणं वेगळं आणि मुरणं वेगळं. पाण्यातला इमल्शन रंग तासा-दोन तासांत कोरडा लागतो आणि काही तासांनी त्यावर दुसरा हात मारता येतो. पाणी उडतं तसे रंगातले बारीक कण एकमेकांना चिकटत जातात आणि त्यांचा एक सलग पापुद्रा बनतो. तो पापुद्रा टणक व्हायला आणि त्यात अडकलेलं उरलंसुरलं पाणी नि द्रावक बाहेर पडायला मात्र साधारण तीन ते चार आठवडे जातात. हवा दमट असली किंवा खोली बंद राहिली तर त्याहून जास्त.

स्टिकर म्हणजे व्हिनाइल, म्हणजे शेवटी प्लॅस्टिकच. त्यातून हवा जात नाही. न मुरलेल्या भिंतीवर तो चिकटवणं म्हणजे ओल्या केसांवर प्लॅस्टिकची टोपी चढवणं. आतली वाफ बाहेर पडायला वाट शोधते. कुठे फोड येतात, कुठे कडा उचलल्या जातात. आणि गोंद खूपच चांगला असला तर आणखी वाईट, कारण मग तो भिंतीला न धरता कोवळ्या रंगालाच धरतो.

हे आम्ही स्वतःच्या खर्चाने शिकलो. धंद्याच्या सुरुवातीला एका घरी वाढदिवसाची तारीख ठरलेली होती आणि रंगाला जेमतेम चार दिवस झाले होते. आम्हीच म्हटलं, होऊन जाईल. जमिनीपासून छताच्या वीतभर खालपर्यंत पोहोचणारा जिराफ लावला. संध्याकाळी दिवा लावून फोटो काढले, सगळे खूश. दहा-बारा दिवसांनी घरच्या बाईंचा फोन आला, "तुमचा जिराफ खाली वाकून बघतोय." जाऊन पाहिलं तर मान वरून सुटून पुढे लोंबत होती आणि पाठीवर शर्टाच्या बटणाएवढे फोड. सोलायला सुरुवात केली तर मानेबरोबर रंगही निघून आला आणि भिंतीवर बरोबर जिराफाच्या आकारात पांढरी पुट्टी उघडी पडली. पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं, प्रायमर, रंगाचे दोन हात, महिनाभर थांबणं आणि नवा जिराफ. सगळं आमच्या खिशातून. तेव्हापासून आम्ही चित्र कोणतं हवं हे विचारण्याआधी शेवटचा हात कधी मारला ते विचारतो.

कोणी म्हणतं, दुसरे एक जण उद्याच यायला तयार आहेत. येतीलही. पहिल्या आठवड्यात कुणाचाही स्टिकर सुंदरच दिसतो.

मग हाताने काढलेल्या चित्राचं काय?

रास्त प्रश्न. आम्ही भिंतचित्र पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिक रंगात काढतो. तो इमल्शनवर बसतो आणि प्लॅस्टिकसारखी भिंत कोंडत नाही. त्यामुळे इथे महिनाभर थांबायला लावत नाही, आठवडाभर पुरतो. तोही कशाला, तर सरळ कडा काढायला आम्ही कागदी टेप लावतो, आणि तीन दिवसांच्या रंगावरून टेप ओढली की कडेचा रंग तिच्याबरोबर येतो. ज्यांना खरोखरच घाई आहे त्यांना म्हणूनच आम्ही स्टिकरऐवजी हाताचं चित्र सुचवतो. ते महाग पडतं, हे लपवत नाही.

चित्र भिंतीवर कसं उतरतं हे पाहायला मुलं दारात उभी राहतात, म्हणून तेही सांगतो. आधी कागदावर पूर्ण आकाराचं रेखाटन होतं. मग त्याच्या रेषांवरून सुईने जवळजवळ भोकं पाडतो. तो कागद भिंतीला लावून वरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी थोपटायची आणि कागद काढायचा. भिंतीवर ठिपक्यांचं चित्र उमटलेलं असतं. हा खाका. पद्धत शेकडो वर्षं जुनी आहे. व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेल या प्रार्थनाघराच्या छतावर 1508 ते 1512 या काळात काम करताना इटालियन चित्रकार मायकेलअँजेलोनेही काही आकृत्या अशाच उतरवल्या होत्या. आमच्याकडे प्रोजेक्टरही आहे, पण खाका गुंडाळून ठेवता येतो. दोन वर्षांनी कपाट सरकवताना हत्तीची सोंड खरवडली गेली, तर त्याच कागदावरून ती जशीच्या तशी परत काढून देतो.

तारीख पुरेशी नाही, भिंतही तपासा

रंगाला सहा महिने झालेत, तरी स्टिकर गळतो, अशीही तक्रार येते. तिथे दोष बहुधा भिंतीचा असतो, आणि तो घरच्या घरी ओळखता येतो. गडद कोरडं फडकं भिंतीवरून जोरात फिरवा. त्यावर पांढरट पूड आली तर रंग सुटतोय. डिस्टेंपरच्या भिंतींचं हे नेहमीचं दुखणं आहे. पुडीवर गोंद काय धरणार? मग चिकटपट्टीचा हातभर तुकडा नखाने दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीच्या मागे रंगाचे पोपडे दिसले तर स्टिकरचा विचार तूर्त सोडा.

ओलीची शंका असेल, विशेषतः बाथरूमला लागून असलेली किंवा बाहेरची भिंत असेल, तर साधारण दीड फूट लांबी-रुंदीचं पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने बंद करून भिंतीवर पूर्ण दिवस ठेवा. काढताना आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा भिंत काळपट पडली असली तर ओल आतून येते आहे. आधी गळती शोधा. ओलीवर आम्ही काहीही लावत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

एक जागा हमखास फसवते. "डाग न धरणारा" म्हणून मिळणारा महागडा धुण्याजोगा रंग. त्यावर घाण चिकटू नये अशी सोयच केलेली असते, मग स्टिकर तरी कसा चिकटावा? अशा भिंतीवर आम्ही आधी हातभर तुकडा लावून आठवडाभर ठेवतो आणि मगच पूर्ण काम घेतो. मुलांच्या खोलीला हाच रंग द्यायचा असेल तर चित्राची एक भिंत साध्या मॅट इमल्शनची ठेवा, असं रंगाऱ्याला आधीच सांगून टाका.

घर जुनं असेल आणि भिंतीवर रंगाचे कित्येक थर असतील तर ते कोरडे घासू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते.

बाळ यायचं असेल तर

इथे घाई सगळ्यात जास्त, आणि खरं तर गरज सगळ्यात कमी. नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचं तेवढं बऱ्यापैकी दिसतं, म्हणजे मांडीवर घेणाऱ्याचा चेहरा. समोरच्या भिंतीवरचा ससा त्याच्या लेखी धूसर ठिपका असतो. ते चित्र पहिले काही महिने तुमच्यासाठी आहे, आणि त्यात वाईट काही नाही. पण तेवढ्यासाठी ओल्या रंगावर काम उरकू नका.

आधीच करून घ्यायचं असेल तर उलटं मोजा. गरोदरपणाचे 40 आठवडे धरले तर तिसाव्या आठवड्यापर्यंत रंगारी घराबाहेर पडलेला असावा. चार आठवडे भिंत मुरेल, चौतिसाव्याला आम्ही येऊ, आणि पुढे खोली मोकळी राहील. बाळं तारीख पाळत नाहीत, म्हणून एवढी सवड. रंगाचा डबा घेताना कमी वासाचा, कमी व्हीओसीचा (म्हणजे रंगातून हवेत उडणारी रसायनं कमी असलेला) बघून घ्या. रंगकाम चालू असताना होणाऱ्या आईने त्या खोलीत न थांबणंच बरं.

पाळण्याच्या वर फ्रेम, फळी, लाकडी अक्षरं असं वजनदार काही आम्ही लावत नाही. स्टिकरही बाळ उभं राहून हात पोचवेल त्याच्या वरच असतो. सुटलेला कोपरा सापडला की मूल तो सोलतं आणि सोललेलं तोंडात घालतं, हे ज्यांच्या घरी मूल आहे त्यांना सांगायला नको.

उंची आणि आवड

आई-वडील चित्राची उंची उभं राहून ठरवतात. कृपया जमिनीवर बसून ठरवा. तीन वर्षांचं मूल साधारण 95 सेंटिमीटर उंच असतं, म्हणजे त्याचे डोळे तुमच्या कमरेच्या आसपास. मोठ्यांच्या नजरेला लावलेला मासा त्याला मान वर करून बघावा लागतो. मुंग्या, गोगलगाय, बेडूक असं बारीकसारीक आम्ही मुद्दाम खाली, दिव्याच्या बटणाच्याही खाली काढतो. एका घरी टेबलाच्या पायामागे एक उंदीर काढला होता. तो घरात सगळ्यात आधी मुलीला सापडला. खालच्या चार फुटांवर पाण्यातलं पारदर्शक मॅट वार्निश देतो. खडूच्या रेघोट्या ओल्या फडक्याने निघतात, स्केचपेनची मात्र हमी नाही.

दुसरं, दोन वर्षांच्या मुलासाठी संपूर्ण खोलीभर एकच विषय घेऊ नका. सहाव्या वर्षी त्याला त्याची लाज वाटते. डोंगर, झाडं, आभाळ हे हाताने रंगवून घ्या, ते दहा वर्षंही चालतं. प्राणी, गाड्या, रॉकेटं स्टिकरमध्ये घ्या. कंटाळा आला की केस वाळवायच्या ड्रायरने गरम करत, कोपऱ्यातून भिंतीलगत मागे दुमडत सावकाश ओढा. मुरलेल्या रंगावरून तो अख्खा निघतो. नवा आकार त्याच झाडाखाली बसवून देतो. आमचे बरेच जुने ग्राहक असेच परत येतात.

मोबाइलवर आलेलं चित्र "हेच भिंतभर छापा" म्हणून पाठवलं जातं. 1,000 पिक्सेल रुंदीचं चित्र तीन मीटरवर ताणलं की एका इंचात आठ-नऊ पिक्सेल येतात. वाघ आहे की सोफा, कळत नाही. इंचाला निदान 100 हवेत, म्हणजे जवळपास 12,000. मूळ फाइल नसेल तर आम्ही नव्याने काढून देतो. प्रसिद्ध कार्टूनमधली पात्रं मात्र परवानगीशिवाय छापत नाही. त्याऐवजी तुमच्या मुलाने काढलेलं चित्र द्या. त्याचा तीन पायांचा घोडा दुरुस्त न करता तसाच भिंतीवर घेतो.

फोन करण्याआधी दिवसाच्या उजेडात काढलेला भिंतीचा एक फोटो, रंगाच्या डब्यावरच्या नावाचा एक फोटो आणि शेवटचा हात मारल्याची तारीख एवढं पाठवा. रंगारी जाताना डबा फेकून देतो, तो मागून घ्या. तळाशी वाटीभर रंग उरलेला असला तर झाकण घट्ट लावून ठेवा. भोकं बुजवायला आम्हाला तोच लागतो.